धावड्याच्या टेकडीचा लाल

टीबीच्या माणसाला सल्ला द्यायला सगळं गाव मोकळं असतं. अंडी खा म्हणणारे भेटतात, अंडी सोड म्हणणारेही भेटतात. त्यात मी भर घालणार नाही. माझा धंदा फोटोचा. सिंदी रेल्वेला स्टेशनरोडवर माझा छोटा स्टुडिओ आहे, मागच्या खोल्यांत घर. डॉक्टरी मला कळत नाही. पण त्या आजारपणात माझ्या हातून एक गोष्ट निसटली होती. ती परत कशी आली हे लिहिलं, तर रोज मूठभर गोळ्या समोर घेऊन बसणाऱ्या एखाद्याला धीर येईल, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं आहे. तिचं म्हणणं मी ऐकतो, फक्त लगेच ऐकत नाही.

छातीचा फोटो

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली आणि माझा खोकला काही थांबेना. स्टुडिओतली धूळ, डार्करूममधल्या औषधांचा वास, थंडी, जे सापडेल त्याच्यावर मी तो ढकलत होतो. एका हळदीच्या कार्यक्रमात नवरीसमोर कॅमेरा धरला आणि असा खोकलो की फ्लॅश नवरीवर न पडता मांडवावर पडला. नवरीची आत्या म्हणाली, "फोटोवाले भाऊ, आधी सोताचा फोटो काढून घ्या. छातीचा." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्याच आठवड्यात वर्ध्याला जाऊन खरंच छातीचा फोटो काढला.

जन्मभर निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिलेला माणूस मी. दवाखान्यात ती काळी फिल्म पेटीवर लागली, तेव्हा कुणी काही बोलायच्या आधीच मला दिसलं, की डाव्या बाजूला वर काहीतरी आहे आणि ते तिथे असायला नको. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ होत्या.

"टीबी आहे. बरा होतो. पण गोळ्या मध्येच सोडल्या तर होत नाही. सोडणार नाही ना, काका?"

मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो. खरं सांगतो, त्या क्षणी टीबीपेक्षा 'काका' जास्त लागलं.

बाहेर बाकावर सुनंदा बसली होती. तिला सांगितलं. माझे एक मामा याच दुखण्यानं गेले होते, त्यांची शेवटची खाट मी लहानपणी पाहिली होती. मी भ्यालो होतो, दुसरा शब्द नाही. सुनंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. सकाळपासून पोटात काई हाय का नाई? चला, आधी काई खाऊन घेऊ."

स्टँडवर आम्ही आलूबोंडे खाल्ले. ती रडली ती घरी आल्यावर, भांडी घासताना, नळ मोठा सोडून.

वेगळा पेला

सुरुवातीला थोडे दिवस दवाखान्यात ठेवलं. सकाळी थुंकीची डबी, मग गोळ्या, मग सिस्टरचा राउंड, मग नुसतं पडून राहणं. तिथे वेळ इतका असतो की माणूस भिंतीवरच्या पालीलाही ओळखायला लागतो. आमच्या वॉर्डला एकच खिडकी उन्हाची होती आणि ती उन्हाची पट्टी शेजारच्या म्हाताऱ्याच्या खाटेवर पडायची. पट्टी आली की तो पाय आखडून घ्यायचा आणि मला म्हणायचा, "ये बाप्पा, बस इथी. ऊन काई माह्या बापाचं नाई." आम्ही दोघं त्या उन्हात बसायचो. त्या दिवसांतलं चांगलं म्हणून मला तेच आठवतं.

घरी आल्यावर माझा पेला वेगळा झाला, ताट वेगळं झालं. आमची मुलगी मिनू तेव्हा पहिलीत होती. तिला आम्ही वडनेरला आजोळी पाठवलं. एसटीच्या खिडकीतून तिनं हात हलवला तो मजेत, कारण आजोबांचं कापडाचं दुकान तिला शाळेपेक्षा आवडायचं. मी मात्र बस वळेपर्यंतही उभा राहू शकलो नाही.

माझा मोठा भाऊ शेजारीच राहतो. तो रोज अंगणाच्या कडेवरून विचारायचा, "बरा हायस ना?" आणि उत्तराची वाट न पाहता जायचा. त्याच्या घरात दोन लहान मुलं होती, हे मला कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं नाही.

पानांच्या मागे

आता माझ्या वेडाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लग्नं, बारशी, पासपोर्ट हे पोटासाठी. पण संक्रांतीपासून होळीपर्यंत मी दरवर्षी सवड काढून केळझरच्या पलीकडच्या टेकड्यांवर जायचो आणि पानगळीचे फोटो काढायचो. लोकांना वाटतं, आपल्याकडच्या पानगळीत बघण्यासारखं काय असतं, नुसती धूळ आणि खराटे. सकाळी लवकर जाऊन बघा. सागाची पानं जाळी होऊन लटकलेली असतात आणि उन्हाच्या विरुद्ध उभं राहून पाहिलं तर त्या जाळीतून उजेड गाळून येतो. मोवई पिवळी होऊन एका वाऱ्यात रिकामी होते. सालईचं खोड गुळगुळीत, अंगावरचे पापुद्रे सोडणारं. आणि धावडा. धावडा जाता जाता लाल होतो. सगळीकडे नाही, सगळ्या वर्षीही नाही. पण ज्या उतारावर होतो, तिथे मी दिवसभर बसू शकतो. ढग असला की तोच उतार रुसल्यासारखा दिसतो, ऊन आलं की बोलायला लागतो. मी ढगातलाही फोटो घेतो आणि उन्हातलाही. फक्त उन्हातले घेणाऱ्यानं कॅलेंडरं छापावीत.

सुनंदाला ही सगळी थेरं वाटायची. "माणसं फोटो काढाले दारात उभी राह्यतात, अन् हे झाडाच्या मागं फिरून राह्यले. झाड कधी फ्रेम न्याले येणार हाय का?"

त्या वर्षी डॉक्टरबाईंनी सांगितलं, मोकळ्या हवेत हळूहळू चाला. मला निमित्तच हवं होतं. पण चढाला धाप लागायची, म्हणून सुनंदा सोबत यायला लागली. केळझरपर्यंत एसटी, मग थांबत थांबत चालणं. तिच्याजवळ पाण्याची बाटली आणि पुडीत बांधलेल्या माझ्या सकाळच्या गोळ्या असायच्या. पहिल्या खेपेला मी धावड्याच्या उताराकडे पाहून म्हणालो, "यंदा लाल दिसत नाई."

"अजून वेळ हाय. येईन," ती म्हणाली.

लॅबवाल्याशी भांडण

अंगात थोडं बळ आल्यावर मी एक लग्न केलं. म्हणजे फोटो काढले. रोल नेहमीप्रमाणे वर्ध्याच्या लॅबला पाठवला. प्रिंट आले ते पाहून माझं डोकं फिरलं. नवरीचा शालू मेल्यासारखा, चहात बुडवून काढल्यासारखा. मी एसटीडी बूथवरून लॅबवाल्याला फोन लावला.

"लाल कुठं गेला माह्या शालूतला?"

"भाऊ, शालू लालच हाय. नीट पाहा बरं."

"वीस वर्षं झाली मले पाहून राह्यलो! मशीन बिघडली तुही!"

त्या भल्या माणसानं वाद घातला नाही. लाल चढवून सगळे प्रिंट पुन्हा काढून पाठवले. मला ते छान वाटले. सुनंदानं एक उचलला आणि म्हणाली, "हे नवरी हाय का टमाटं?" मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही, आणि अल्बम लावून देऊन टाकला. ती मंडळी अजून भेटतात आणि त्या अल्बमचं नाव काढत नाहीत.

केशवरावांच्या बायकोचं कुंकू

त्या काळी आमच्याकडे एक काम नेहमी यायचं. घरातलं कुणी गेलं की जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करायचा आणि त्याला ब्रशनं रंग द्यायचा. लुगड्याच्या काठाला, दागिन्याला, आणि बाई सवाष्ण गेली असेल तर कपाळाला. हात बसला होता. रंगांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच पुसून गेल्या होत्या, मी नजरेनंच बाटली उचलायचो.

केशवराव गावातले धान्याचे व्यापारी. त्यांची बायको गेली आणि तिचा फोटो म्हणजे कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातला एक चेहरा. त्यांचं एकच सांगणं होतं, कुंकू ठसठशीत पाहिजे.

ते फोटो न्यायला आले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"भाऊ, इचं गोंदण कोणं सांगतलं तुमाले?"

"गोंदण?"

"हे कपाळावरचं, हिरवं. माही बायको गोंदलेली नव्हती जी."

"अहो केशवराव, ते कुंकू आहे. लाल आहे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो दाराशी नेला, उजेडात धरला आणि म्हणाले, "माहे डोये म्हातारे झाले असन." मग त्यांनी सुनंदाला हाक मारली. "बाई, तू पाह्य."

सुनंदानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हिरवं हाय," ती अगदी हळू म्हणाली.

मी भिंतीकडे वळलो. तिथे माझे मागच्या वर्षांचे फोटो टांगलेले होते, ज्यांचे रंग मला तोंडपाठ होते. पळस, आणि उन्हातला तो लाल धावडा. रोज त्यांच्याखाली बसून मी काम करत होतो आणि इतक्या दिवसांत एकदाही वर पाहिलं नव्हतं. सगळे मातीच्या रंगाचे झाले होते. लॅबची मशीन ठीक होती. बिघडलो होतो मी.

मी खुर्चीत बसलो, हातातला ब्रश ठेवायचं सुचलं नाही. फोटोवाल्याला लाल दिसत नाही, मग उरलं काय, एवढंच डोक्यात येत राहिलं.

केशवरावांनी फोटो टेबलावर परत ठेवला. "राहू द्या इथीच. घाई नाई. थे आता कोठी जाणार हाय?"

आधी गोळी, मग रंग

डॉक्टरबाईंनी डोळे तपासायला पाठवलं आणि मग सांगितलं, की गोळ्यांपैकी एक गोळी काही जणांच्या डोळ्याच्या नसेवर बसते. ती बंद केली. बाकीच्या चालूच ठेवायच्या, आता जास्त दिवस. "रंग फिके दिसायला लागले तेव्हाच यायला हवं होतं, काका." हे मात्र मी सल्ला म्हणून नक्की सांगेन. या गोळ्या चालू असताना नजर किंवा रंग जरासे बदलले, तर लॅबवाल्याशी भांडू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मी विचारलं, लाल परत येईल का?

"बहुतेकांचा येतो. वेळ लागतो. खात्री देणार नाही."

घरी आल्यावर मी जाहीर केलं, की आता एकही गोळी घेणार नाही. एकीनं रंग नेला, दुसरी काय नेईल कुणाला ठाऊक. खोकला तसाही थांबला होता, वजन भरत होतं. सुनंदानं समजावलं, रागावली, बोलणं सोडलं. "अन् मिनूले काय सांगू मी?" असंही विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सकाळच्या गोळ्या ताटलीत तशाच राहिल्या, दुसऱ्या दिवशीच्याही. आता आठवलं की अंगावर काटा येतो, कारण अशा गोळ्या सोडलेली माणसं मी नंतर पाहिली आणि त्यांतली काही आज जिवंत नाहीत.

तिसऱ्या सकाळी तिनं कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. "चला केळझरले."

"काय कराले? मले काय दिसते तिथं?"

"मले दिसते ना."

टेकडीखाली ती एका दगडावर बसली, पुडी सोडली आणि सौदा सांगितला. "रंग मी सांगतो. गोळ्या तुमी घ्या. आधी गोळी, मंग रंग." आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही 'सांगतो' म्हणते.

मी हसलो नाही, पण हात पुढे केला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक बॅग तिच्या खांद्याला जड होत होती म्हणून.

गोळ्या गिळल्या आणि त्या मोठ्या धावड्याकडे बोट केलं. "तो?"

तिनं डोळे बारीक केले. कापडाच्या दुकानात वाढलेली मुलगी ती. तिला लाल एवढं म्हणून पुरत नाही. "शेंड्याले डाळिंबी. खाली शेंदरी होऊन राह्यला. अन् बुडाची पानं मोतिया."

"सगळा शेंडा?"

"सारा. धुवट डाळिंबी नाई, नवी घडी मोडल्यावानी."

"अन् पलीकडचा?"

"तो आमसुली. काठाले जरा राणी."

"धावड्याले राणी रंग?"

"तुमाले दिसते का मले दिसते?"

मी फ्रेम जुळवली आणि तिच्या डोळ्यांनी फोटो काढला. मग ते ठरूनच गेलं. जमेल त्या सकाळी आम्ही जायचो, आधी गोळी, मग रंग. त्या उतारावर पळस नाहीत, नुसता साग आणि धावडा. सागाला ती बदामी म्हणायची, एकदा श्रीखंडी म्हणाली. धावडा मात्र रोज थोडा अधिक लाल होत गेला. मी तिला चिडवायचो, "पदर कोणता?" आणि ती तोही सांगायची. घरी असलो त्या दिवशी गोळी घेताना ती आठवण करून द्यायची, "उद्या पाहाल, काय झाला असन तो उतार." मला दिसत नसलेला एवढा लाल कुठेतरी आहे, या विचारानं मी रोज तोंड उघडत होतो.

उतार रिकामा झाला तेव्हा रोल संपला. तो मी धुवायला पाठवला नाही. प्रिंट बरे आले की वाईट, हे मला कळणार नव्हतं आणि लॅबवाल्याला फोन करायला तोंडही नव्हतं. रोल डबीत घालून कपाटात ठेवला.

मिरच्या

उन्हाळ्यात थुंकी साफ असल्याचं सांगितलं आणि मिनू वडनेरहून परत आली. ती आली तेव्हा माझ्याजवळ यायला लाजत होती. संध्याकाळपर्यंत ती माझ्या पाठीवर होती.

सुनंदानं अंगणात जुन्या चादरीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी रोज त्यांच्याकडे पाहायचो. रोज तपकिरी. एका दुपारी वाटलं, त्या तपकिरीत काहीतरी हललं. मिनूला विचारलं, "मिनू, कोणता रंग हाय हा?"

"बाबा, मिरची लालच राह्यते न!"

त्या दिवशी मी खूश व्हायला धजलो नाही. पण लाल खरंच येत होता, एकदम नाही, हळूहळू, एखादा रुसलेला पाहुणा दाराबाहेर चपला काढत उभा राहतो तसा. पोळ्यापर्यंत आत आला. बैलांच्या झुली मी पाहत राहिलो आणि गर्दीत उभा राहून रडलो. लोकांना वाटलं, धूळ गेली असेल.

दुसऱ्या दिवशी केशवरावांच्या बायकोचा चेहरा नव्यानं मोठा केला. बाटली उघडली आणि कुंकू लावलं. ते आले, फोटो हातात घेतला, उपरण्याच्या टोकानं काच पुसली.

"हां. आता हे माही हाय," म्हणाले आणि फोटो छातीशी धरून घेऊन गेले.

पुढे गोळ्याही संपल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं, काका." मी 'काका' माफ केलं.

कपाटातला रोल

मग एक दिवस मी तो रोल घेऊन स्वतः वर्ध्याला गेलो. लॅबवाल्यासाठी सुनंदानं चिवडा दिला होता. त्यानं चिवडा घेतला आणि जुनी गोष्ट काढली नाही.

प्रिंट मी तिथे उघडले नाहीत. घरी, स्टुडिओच्या टेबलावर, सकाळच्या उजेडात मांडले. इतक्या दिवसांचे ते डाळिंबी, शेंदरी, आमसुली आता माझ्या डोळ्यांनी बघायचे होते.

पहिला पाहिला. दुसरा पाहिला. सगळे भराभर पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

उतार मातकट होता. सगळ्या फोटोंत. साग करडा, धावडा करडा, वाळलेली पानं फांदीवरच कोळपून गेलेली. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता, धावडा लाल झालाच नव्हता. क्षणभर जुन्या सवयीनं मी एसटीडी बूथकडे जायला उठलो. मग एका फोटोच्या कोपऱ्यात सुनंदा दिसली. झाडाकडे मान वर करून उभी, मला रंग सांगत असलेली. तिचं लुगडं डाळिंबी होतं आणि फोटोत ते डाळिंबीच आलं होतं. लॅबची काही चूक नव्हती.

मी तिला हाक मारली. ती हात पुसत आली.

"हे काय? कुठं हाय यात शेंदरी? कुठं हाय राणी?"

तिनं सगळे फोटो नीट पाहिले. जराही गडबडली नाही.

"तुमी गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या."

"मंग," ती म्हणाली आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेली.

मी तिथेच बसून राहिलो. इतकं प्रेम कुणी आपल्यावर करत होतं आणि आपण त्याला पदराचा रंग विचारत होतो.

ती कोपऱ्यात असलेला तो फोटो मोठा करून मी स्टुडिओत लावला आहे, लाल धावड्याच्या जागी. त्याला ब्रश लावला नाही. पासपोर्टसाठी बसलेलं एखादं गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, इतके रंगीत फोटो असताना ही सुकी टेकडी काऊन लावली जी?"

मी सांगतो, "सुकी कशी? शेंड्याला डाळिंबी आहे. खाली शेंदरी."

ते एकदा फोटोकडे पाहतात, एकदा माझ्याकडे. मग आतल्या खोलीतून सुनंदाचा आवाज येतो, "अन् बुडाले मोतिया."